जाणारा पाईप, येणारा पाईप

दिवाळीच्या सुट्टीत मी दोन गाड्यांचे पेट्रोलचे पाईप स्वतःच्या हाताने बदलले. एक माझ्या जुन्या मोटारीचा, दुसरा माझ्या थोरल्या बहिणीच्या व्हॅनचा. दोन्ही तुकडे एकाच भेंडोळ्यातून कापले होते. ते भेंडोळं मी लातूरला शेती औजारांच्या दुकानातून घेतलं होतं आणि ते होतं फवारणीच्या पंपाचं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं.

मी लातूरला एका शाळेत विज्ञान शिकवतो. घरातला पंखा, मिक्सर, नळाची तोटी, काहीही बिघडलं की पाना घेऊन बसायची मला हौस. माझी मोटार सत्तावीस वर्षांची, कार्बोरेटरची. गेल्या वर्षी तिच्यात बसलं की पेट्रोलचा वास यायला लागला. बॉनेट उघडून पाहिलं तर रबरी पाईप भेगाळला होता. पार्टच्या एका दुकानात विचारलं, तर तो माणूस म्हणाला, आज नाही, दोन दिवसांनी या. दोन दिवस थांबायचं माझ्याच्यानं झालं नाही. शेजारीच औजारांचं दुकान होतं. काळा, जाडजूड, अंगठ्याने दाबला तर दबणार नाही असा पाईप तिथे लोंबकळत होता. मनात म्हटलं, कीटकनाशक सोसणारा पाईप पेट्रोल का सोसणार नाही? जुन्या पाईपाची बाहेरची जाडी आणि याची जाडी बोटांनी ताडून पाहिली, सारखी वाटली, घेतला. गाडीच्या नळीवर थोडा सैल बसत होता. क्लिप जोरात आवळली आणि झालं.

भाऊबीजेला आक्काकडे गेलो. तिचं गाव मुखेडजवळ. दाजी घरी शिलाई मशीनवर परकर आणि ब्लाऊज शिवतात आणि आक्का ते आठवडी बाजारात विकते. दाजींचा एक पाय लहानपणापासून अधू, त्यामुळे गाडी आक्काच चालवते. जुनी व्हॅन, सेकंडहँड घेतलेली. मागची बाकं काढून तिथे कपड्यांची गाठोडी रचलेली असतात. ज्यांनी तसली व्हॅन पाहिली आहे त्यांना माहीत असेल, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. आक्का अक्षरशः इंजिनावर बसून बाजार करते.

ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, ‘भाऊ, गाडीत जरा घासलेटवानी वास येऊन राहिला. बघतूस का?’

भेंडोळ्यातला उरलेला पाईप माझ्या डिकीत होता. मी सीट उचलली. आत दोन पाईप शेजारीशेजारी होते. त्यातला एक जास्त काळवंडलेला, जास्त म्हातारा दिसला. मी तो काढला आणि माझा बसवला. पंधरा-वीस मिनिटांचं काम. अंगणात शेजारची माणसं जमली होती. आक्का त्यांना सांगत होती, ‘मिस्तरीला बोलवायची गरज न्हाई. माजा भाऊ हाय.’ मला ते फार बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी माझी गाडी बार्शी रोडवर आचके देत बंद पडली. ओढून मिस्तरीकडे नेली. त्याने कार्बोरेटर खोलला आणि बोटावर काळी पूड घेऊन माझ्यासमोर धरली.

‘सर, हे काय घातलंत?’

त्याने माझा पाईप काढून ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर चिकट झालं होतं, जास्त शिजलेल्या वांग्यासारखं. नखाने ओढलं की पापुद्रे निघत होते. तेच पापुद्रे पेट्रोलबरोबर वाहत जाऊन कार्बोरेटरमध्ये अडकले होते. तो म्हणाला, ‘गंजगोलाईच्या मागं चाचाचं दुकान हाय. हा तुकडा घेऊन जावा, त्यांना दाखवा. ते देतील तोच पाईप आणा. दुसरीकडं जाऊ नका.’

चाचांचं दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरणारी जागा. छताला पाईपांची भेंडोळी टांगलेली. चाचा सत्तरीचे असतील. त्यांनी माझा चिरलेला तुकडा चष्म्याजवळ नेला, वास घेतला आणि खाली ठेवला.

‘फवारणीचा,’ ते म्हणाले. ‘ह्याच्यावर काही लिहिलेलं दिसतंय का तुम्हाला?’

मी पाहिलं. काहीच नव्हतं.

त्यांनी वरचं एक भेंडोळं खाली घेतलं. त्याच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत बारीक छापलेलं होतं: पेट्रोलसाठी, आतला व्यास, किती दाब सोसेल, कधी बनवला. ‘पेट्रोलचा पाईप आपलं नाव अंगावर घेऊन येतो. ज्याच्या अंगावर नाव न्हाई, तो पाण्याला लावा, हवेला लावा. आन् आता पेट्रोल बी पहिल्यासारखं राहिलं न्हाई. उसाचं स्पिरिट असतंय त्यात. जुन्या गाडीचं जुनं रबर त्यानं फुगतंय, मऊ पडतंय, न्हाईतर वाळून तडकतंय. म्हणून त्याला चालणारा पाईप बघून घ्यायचा. तारीख बी बघायची. दुकानात दहा वर्षं लटकलेला नवा पाईप नवा नसतो.’

ऊस आमच्याकडचाच, असं काहीतरी मी म्हणालो. ते हसले नाहीत. पाईपाच्या आत एक गोल सळई घालून मला दाखवत होते: मोजायचं ते आतून, कारण बाहेरची जाडी प्रत्येक कंपनीची वेगळी. मी बोटांनी बाहेरून ताडला होता. मान खाली घालून ऐकत राहिलो.

‘गाडी कार्बोरेटरची की इंजेक्शनची?’

‘कार्बोरेटरची.’

‘मग साधा चालतो. दाब नसतो त्याला.’ ते कात्री घेऊन मोजायला लागले.

तेव्हा मला आक्काची व्हॅन आठवली. म्हटलं, ‘चाचा, बहिणीची व्हॅन आहे. ती इंजेक्शनची. तिलाही हाच लावलाय मी.’

त्यांची कात्री थांबली. ‘कुठला बदलला? जाणारा का येणारा?’

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप पेट्रोल जोराने इंजिनाकडे ढकलतो. तो जाणारा पाईप. त्यात दाब असतो. जास्तीचं पेट्रोल दुसऱ्या पाईपाने टाकीकडे परत येतं. त्यात दाब जवळजवळ नसतो. ‘येणारा असला तर गळेल. जाणारा असला तर फाटेल. फाटला तर पिचकारी उडते, खाली तापलेलं इंजिन. कुठला होता?’

मी डोळे मिटून ती सीट उचललेली आठवायचा प्रयत्न केला. दोन पाईप. एक डावीकडे, एक उजवीकडे. मी डावीकडचा काढला, की उजवीकडचा? अंगणातली माणसं आठवत होती, पाटावरचं ताट आठवत होतं, आक्काचा आवाज आठवत होता. पाईप आठवत नव्हता.

दुकानाच्या पायरीवरूनच आक्काला फोन लावला. दाजींनी उचलला.

‘ती बाजारला गेली, मुखेडला. फोन मशीनवरच इसरून गेली.’

‘दाजी, तिला निरोप पाठवता येईल का? गाडी सुरू करू नको म्हणावं.’

‘का? काय झालं?’

मी सांगितलं. पलीकडे मशीनची खडखड थांबली. ते म्हणाले, ‘कोणी जाणारं असलं तर सांगून पाठवतो. पण बाजार उठायच्या आत तुम्हीच पोहोचा.’

चाचांनी इंजेक्शनचा पाईप दोन मापांत कापून दिला, आठ मिलिमीटरचा आणि सहाचा. ‘दोन्हीकडं चांगलाच लावा. आन् ही जुनी क्लिप फेका. ही रबरात रुतते. ही गुळगुळीत पट्टीची घ्या.’ पिशवीवर त्यांनी पेनाने ‘जाणारा ८’ आणि ‘येणारा ६’ असं लिहिलं, जणू मी पोर आहे. त्या क्षणी मला ते योग्यच वाटलं.

माझी गाडी मिस्तरीकडे खोललेली होती. मी स्टँडवर पळालो आणि अहमदपूरची एसटी पकडली. बसायला जागा मिळाली, पण बसवेना. उठून दाराशी उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, ‘काका, जागा हाय की.’ मी परत बसलो, परत उठलो. मागच्या सीटवर कोणीतरी मोबाईलवर मोठ्याने भांडत होतं. प्रत्येक थांब्याला गाडी इतका वेळ का थांबते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच असह्य झालं. एका फाट्यावर एक बाई ज्वारीची दोन पोती चढवत होती. कोणी हात लावत नव्हतं म्हणून मीच खाली उतरलो आणि पोती वर ढकलली, म्हणजे लवकर निघू. तिने आशीर्वाद दिला. माझं लक्ष नव्हतं.

डोक्यात एकच हिशेब चालू होता. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत किती बाजार झाले असतील? आठवड्याला तीन धरले तरी चाळीसच्या वर. इतक्या वेळा ती त्या सीटवर बसली आणि काही झालं नाही, म्हणजे येणाराच असणार. हे पटायचं आणि लगेच दुसरा विचार यायचा: माझ्या गाडीतलं रबर शिजायलाही इतकेच महिने लागले. चाळीस वेळा काही झालं नाही, याचा अर्थ एक्केचाळीसाव्या वेळी होणार नाही असा होत नाही. हे मी वर्गात मुलांना शिकवतो.

अहमदपूरला एसटी बदलली. मुखेडची गाडी लागायला पाऊण तास होता. मी फलाटावर येरझाऱ्या घालत राहिलो. दाजींना परत फोन केला. निरोप घेऊन जाणारं कोणी मिळालं नव्हतं. ते म्हणाले, ‘मी कापड पुढ्यात घेऊन बसलोय, पण सुई चालंना.’

मुखेडला उतरलो तेव्हा साडेचार झाले होते. बाजार भरात होता. मिरचीच्या ढिगांतून, भांड्यांच्या दुकानांतून, दोरखंडांच्या ओळीतून मी जवळजवळ पळत गेलो. कपड्यांच्या ओळीच्या टोकाला आक्का दिसली. ताडपत्रीवर परकर पसरलेले आणि ती एका म्हातारीला नाडीचा नेफा दाखवत होती.

‘भाऊ? तू हितं कसा?’ तिचा चेहरा एकदम उतरला. ‘घरी काय झालं?’

‘काही झालं नाही. गाडी कुठंय?’

‘ती काय मागं. दुपारी ऊन आलं म्हणून जरा सावलीला लावली. आधी पाणी पी.’

व्हॅन तिच्या मागेच दहा पावलांवर होती. तिच्या पुढच्या दाराला जवळजवळ लागून एका बाईंनी भज्यांची कढई मांडली होती. खाली गॅसची शेगडी भडभडत होती.

मी त्या बाईंना म्हणालो, ‘मावशी, शेगडी बंद करा.’

‘अन् का म्हणून?’

‘गाडीतून पेट्रोल गळतंय.’

त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. हात पुसला आणि शेगडी बंद केली. आक्काने किल्ली पुढे केली. मी ती घेतली नाही. ‘सुरू करायची नाही. ढकलायची.’ आजूबाजूची चार माणसं आली, भज्यांच्या मावशीही आल्या. आम्ही व्हॅन ढकलत बाजाराबाहेर, मोकळ्या पटांगणाच्या कडेला नेली. मी दारं सताड उघडली, थोडा वेळ वारं जाऊ दिलं आणि सीट उचलली.

वास भसकन बाहेर आला. माझा पाईप फुगून टोकाला कांद्यासारखा गोल झाला होता. क्लिप त्यात रुतली होती. आणि त्या जोडावर, घट्ट गुंडाळून, एक चिंधी बांधलेली होती. फुलाफुलांच्या परकराची चिंधी. पेट्रोलने ओली.

‘हे कोणी बांधलं?’

‘मी,’ आक्का म्हणाली. ‘वास यायचा. थेंब गळायचा. चिंधी बांधली की थांबायचा. आठ दिसाला बदलते.’

‘आठ दिवसाला! किती दिवस चाललंय हे?’

‘संक्रांतीपासून.’

मी ओरडलो. काय ओरडलो ते आता लिहिणार नाही. बाजारातली माणसं उभी होती आणि मी माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या बहिणीवर ओरडत होतो. ती खाली बघत होती. शेवटी मी म्हणालो, ‘एक फोन करता येत नव्हता?’

‘काय सांगू फोन करून? तू बसवला हुतास. सगळ्या गावापुढं बसवला हुतास. तुझा पाईप गळतो म्हणून कसं सांगू?’

मी गर्दीतल्या एका पोराला मिस्तरी आणायला पाठवलं.

मुखेडच्या गॅरेजमधून एक मिस्तरी आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी चाचांनी लिहिलेली पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने आधी बॅटरीची तार सोडली, सीटखाली बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘हा येणारा तुम्ही बदलला. का बदलला?’

‘तो जास्त खराब दिसत होता.’

‘दिसत असंल.’ त्याने दुसरा, मी हातही न लावलेला पाईप बोटांनी वाकवला. वाकवल्याबरोबर त्याच्या अंगावर बारीक बारीक भेगा उघडल्या, वाळलेल्या तळ्याच्या तळासारख्या. भेगांत ओल होती. ‘हा जाणारा हाय. दिवाळीला वास ह्याचाच येत असणार. एक चांगला ऱ्हायला असता, तर निदान एकच गळला असता. आता दोन्ही.’

म्हणजे मी गळका पाईप तसाच ठेवला होता आणि शेजारचा, जो कदाचित आणखी वर्षभर चालला असता, काढून तिथे फवारणीचा बसवला होता. आक्का हे ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला जास्त लागलं.

मिस्तरीने जाणाऱ्या पाईपाचा जोड सोडताना वर फडकं धरलं, हळूहळू ढिला केला. फस्स असा आवाज होऊन फडकं ओलं झालं. एवढा वेळ बंद असलेल्या गाडीतसुद्धा दाब शिल्लक होता. दोन्ही पाईप बसवले, नव्या क्लिपा लावल्या, पेट्रोलच्या फिल्टरवरचा बाण कुठल्या बाजूला हवा ते मला मुद्दाम दाखवलं. पाईप कुठे घासतोय का, इंजिनाच्या तापत्या भागाला टेकतोय का, ते बोट फिरवून पाहिलं. मग बॅटरी जोडली, किल्ली अर्धी फिरवून पंप दोनदा नुसता चालू केला, इंजिन सुरू न करता. आम्ही दोघेही वाकून जोडांकडे बघत होतो. कोरडे होते. पाच मिनिटांनी पुन्हा बघितले. कोरडे. तेव्हा कुठे त्याने इंजिन सुरू केलं.

तोवर आक्काने परत जाऊन ताडपत्री आवरली होती. भज्यांच्या मावशींनी तिच्या मागे तीन परकर विकून ठेवले होते.

परतीच्या वाटेवर मी आक्काशेजारी बसलो. उजेड होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा काढणीला आला होता. खाली इंजिन तापत होतं, ते सीटमधून जाणवत होतं. मी सारखा खाली वाकून वास घेत होतो. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा ती म्हणाली, ‘सरळ बस. मला गाडी चालवू दे.’

थोड्या वेळाने मी म्हणालो, ‘आक्का, चुकलं माझं.’

‘पाईपाचं का ओरडल्याचं?’

‘दोन्हीचं.’

‘पाईपाचं मी सोडलं,’ ती म्हणाली. ‘चूक कुणाची बी होती. पण बाजारात माजी गिऱ्हाईकं हुती रे. ती म्हातारी उद्या इचारंल, ते कोण हुतं तुमच्यावर वरडणारं.’

‘मग काय सांगशील?’

तिने गिअर बदलला. ‘बघू,’ एवढंच म्हणाली.

दाजी दारातच उभे होते, काठीला रेलून. व्हॅन अंगणात शिरली तशी त्यांनी आधी आक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मशीनवर आक्काचा फोन होता. त्यावर माझे सव्वीस कॉल. दाजींनी दोन उचलले होते, बाकीचे नुसते वाजू दिले होते. ‘सारखं तेच सांगायचं तर उचलून काय करू,’ ते म्हणाले.

ती रात्र मी तिथेच राहिलो. सकाळी उठून आधी सीट उचलून पाहिली. आक्का झाडू मारत होती. तिने झाडू थांबवला, पण जवळ आली नाही.

लातूरला परतल्यावर मी चाचांकडे गेलो. काय झालं ते सांगितलं. त्यांनी चिंधीबद्दल ऐकून कपाळाला हात लावला आणि माझ्या मोटारीसाठी मोजून ठेवलेला तुकडा दिला. तो मी स्वतः बसवला नाही. मिस्तरीला दिला आणि तो बसवत असताना हात मागे बांधून उभा राहिलो. ते अवघड गेलं. त्याने क्लिप आवळली तेव्हा माझी बोटं आपोआप पुढे झाली होती.

औजारांच्या दुकानातल्या भेंडोळ्याचा चार हात उरलेला पाईप घरी होता. शेजाऱ्याने मागितला, त्याच्या जुन्या स्कूटरला हवा होता. मी नाही म्हणालो. कारण विचारल्यावर सगळं सांगितलं, आक्काच्या अंगणासकट. सांगताना कान तापले होते. मग त्याच्यासमोरच पाईपाचे बोटभर लांबीचे तुकडे करून टाकले.

आक्का आता फोन करते. पंधरा दिवसांतून एकदा तरी. गाडीतून चूंचूं असा आवाज येतोय, ब्रेक मारला की डावीकडं वढते, हेडलाईटवर माती बसली ती कशानं पुसू. परवा मी आठवीच्या वर्गात होतो. फोन थरथरला, तिचं नाव दिसलं. मुलांना धडा वाचायला लावून बाहेर आलो.

‘भाऊ, वास येऊन राहिला,’ ती म्हणाली.

‘कसला? गाडी बंद कर. आत्ता कुठायस?’

‘घरीच हाय. गाडी न्हाई रे, कापडाचा. तुझ्या दाजीनं इस्त्री इसरली परकरावर.’ मग म्हणाली, ‘तू लई घाबरतूस आता.’

‘हाव,’ मी म्हणालो. ‘घाबरतो.’

वर्गातून मुलांचा गलका वाढत होता. तिने विचारलं, जाणारा पाईप किती वर्षांनी बदलायचा असतो. मी म्हणालो, दर दिवाळीला वाकवून बघायचा, भेग दिसली की लगेच. ‘मग दिवाळीला ये,’ ती म्हणाली, ‘आन् येताना मिस्तरीला घेऊन ये.’